फूटपट्टीने मारलेली रेघ

आमच्या फ्रिजच्या दारावर बायकोने एक यादी चिकटवली आहे. शीर्षक एकाच शब्दाचं, 'अर्धवट'. खाली क्रमाने: हॉलची भिंत (डावीकडून अडीच फूट हिरवी, पुढे जशी होती तशी). गिटार. जपानी भाषा (धडा चौथा). दाढी. बाल्कनीतलं कपाट (दारं नाहीत). रोज डायरी लिहिणे (तीन जानेवारीपर्यंत). साखर सोडणे. मेहुणीच्या मुलीला कबूल केलेलं बाहुलीचं घर (तळमजला तयार).

आठ झाले. या आठांबद्दल माझी तक्रार नाही. प्रत्येकामागे कारण आहे, आणि दाढीच्या बाबतीत तर दोष माझा नाही, हनुवटीचा आहे. माझी झोप उडाली ती नवव्यामुळे. तिने नऊ आकडा काढला होता, पुढे टिंब दिलं होतं आणि पुढची जागा मोकळी सोडली होती.

"नऊला काय?" मी विचारलं.

"अजून ठरायचंय," ती इस्त्री करता करता म्हणाली.

"काय ठरायचंय?"

"तेच."

आमच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. घरात अर्धवट ठेवण्यासारखं आणखी काय शिल्लक आहे याचा मी शांतपणे विचार केला. कपाटं मोजली. भिंती मोजल्या. शेवटी मोजण्यासारखे आम्ही दोघंच उरलो.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर मोकळ्या जागेने एक धडधाकट माणूस एवढा का हादरला ते कळणार नाही. मी जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात कारकून आहे. मृत्यूच्या खिडकीवर. आमच्या हेडक्लार्कांनी पहिल्याच दिवशी मला एक फूटपट्टी दिली आणि म्हणाले, "मोकळा रकाना म्हणजे उघडं दार. उद्या कुणीही येईल आणि काहीही लिहून जाईल. माहिती असेल तर लिहायची. नसेल, तर आडवी रेघ मारायची. फूटपट्टीने. रेघ मारली की कुलूप." सहा वर्षांत मी एकही दार उघडं ठेवलेलं नाही. हे तत्त्व मी बायकोलाही लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं होतं. ती तेव्हा पेपर वाचत होती.

आणि आता माझ्याच घरात, माझ्याच फ्रिजवर, नऊ क्रमांकाचं दार उघडं.

"एक काम कर," दुसऱ्या दिवशी ती म्हणाली. "एक गोष्ट पूर्ण करून दाखव. कुठलीही. मग नऊचं बघू."

"एक कशाला," मी म्हणालो, "एकदम तीन करतो."

त्या दिवशी बसथांब्यावर ट्रायथलॉनची जाहिरात पाहिली नसती तर मी असं बोललो नसतो. नवशिक्यांसाठी स्पर्धा: तळ्यात चारशे मीटर पोहणे, वीस किलोमीटर सायकल, पाच किलोमीटर धावणे. सायकल मला येत होती. धावणं म्हणजे बस चुकल्यावर जे करतो तेच. पोहणं तेवढं येत नव्हतं, पण तीनांतल्या दोन म्हणजे पासष्ट टक्क्यांच्या वर, आणि मी आयुष्यात बहुतेक परीक्षा याहून कमीवर काढल्या आहेत.

अर्ज भरायला बसलो आणि चौदाव्या रकान्याशी अडखळलो. 'पोहण्याची चाचणी उत्तीर्ण झाल्याच्या दाखल्याचा क्रमांक.' दाखला नव्हता. मी फूटपट्टी घेतली आणि रेघ मारली. इतकी सरळ, इतकी देखणी रेघ की क्षणभर कागद लांब धरून बघितला.

ही बातमी इमारतीत पसरायला माझी बायको एकदा जिना उतरून पुन्हा चढली एवढंच कारण पुरलं. वरचे काका लगेच खाली आले. वरच्या काकांनी तरुणपणी एक नदी पोहून पार केली होती. मी राहायला आलो तेव्हा त्या नदीचं पात्र साधारण रस्त्याएवढं होतं. गेल्या चार वर्षांत ते इतकं वाढलंय की आता पलीकडचा काठ दिसत नाही.

"पाण्याला घाबरायचं नाही," काका सोफ्यावर बसत म्हणाले. "पाण्याला आपली जरब वाटली पाहिजे."

"ती कशी बसवायची?"

"नजरेने," काका म्हणाले, आणि प्रात्यक्षिक म्हणून समोरच्या पेल्यातल्या पाण्याकडे रोखून बघत राहिले. मग ते पिऊन टाकलं.

जाताना त्यांनी आपली सायकल देऊ केली. "या सायकलने मला एकदाही दगा दिलेला नाही," असं ते म्हणाले. ते खरं असावं, कारण चाकांच्या आऱ्यांमधली जाळी बघता कोळ्यालाही तिने कधी दगा दिलेला नव्हता. पुढे टोपली, मागे कॅरियर, आणि घंटा अशी की वाजवली की आधी वाजवणारा दचकावा.

पोहण्याच्या तलावावर मोठ्यांच्या वर्गात जागा नव्हती. खिडकीवरच्या बाईंनी वही चाळली आणि म्हणाल्या, "सकाळी सातला गुडघेदुखीच्या गटात एक जागा आहे. त्यांना पाण्यात चालवतात. गुडघा दुखतो का?"

मी सरकारी नोकर आहे. खिडकीच्या त्या बाजूला उभं राहिल्यावर खरं बोलून काही मिळत नाही हे मला माहीत आहे. "डावा," मी म्हणालो.

या उत्तराची किंमत अशी झाली की पुढचे तीन महिने मला त्या खिडकीसमोर लंगडावं लागलं. गटात अकरा आज्या आणि मी. कमरेएवढ्या पाण्यात आम्ही या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायचो आणि चालता चालता सुनांबद्दल बोलायचो. मला सून नसल्यामुळे मी हेडक्लार्कांबद्दल बोलायचो. गटाच्या पुढारी होत्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना तिसऱ्याच दिवशी संशय आला.

"काल तुमचा डावा होता," त्या म्हणाल्या. "आज उजव्या पायाने लंगडताय."

"बदलतो तो."

"खरं बोला. पायाचे अंगठे धरून उभं करीन."

मी खरं सांगितलं. यादी, नववा आकडा, ट्रायथलॉन, सगळं. अकरा आज्या पाण्यात थांबल्या. मग एक आजी दुसरीला म्हणाल्या, "बायको बरोबर आहे गं त्याची."

मुख्याध्यापिकांनी मात्र मला पदरात घेतलं. स्पर्धेला तीन आठवडे असताना त्यांनी मला पाठीवर आडवं पाडलं आणि डोक्याखाली हात धरला. "छताला पाईप दिसतो? त्याच्याकडे बघत राहायचं. पाय हलवत राहायचं. दुसरं काही करायचं नाही. विचार तर अजिबात करायचा नाही." दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मी पाईपच्या आधाराने या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत उताणा जाऊ लागलो. आज्यांनी टाळ्या वाजवल्या. तळ्याला छत नसतं हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

स्पर्धेच्या चार दिवस आधी आयोजकांचं पाकीट आलं. त्यात एक सोनेरी टोपी. सोबतच्या पत्रकात लिहिलं होतं: सोनेरी टोपी म्हणजे पहिला गट, राष्ट्रीय पदकविजेते.

मी लंगडत आयोजकांच्या कार्यालयात गेलो. लंगडण्याची आता सवय झाली होती. टेबलामागे गळ्यात शिट्टी घातलेल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी माझा अर्ज काढला आणि चौदाव्या रकान्यावर बोट ठेवलं.

"रेघ आहे."

"हो. मीच मारली."

"चाचणी माफ असणारेच रेघ मारतात. म्हणजे पदकवाले. बाकीच्यांनी मोकळं सोडायचं, मग आम्ही चाचणीला बोलावतो."

"मोकळं सोडायचं?" माझा आवाज चिरकला. "अहो, मोकळं कसं सोडणार?"

"मग तुम्हाला पदक नाहीये का?"

"मला नीट पोहताही येत नाही."

"तसं लेखी आणा," बाई म्हणाल्या. "चाचणी दिली नसल्याचा दाखला. तलावावरून."

तलावावरच्या बाई म्हणाल्या की ज्यांनी चाचणी दिली त्यांनाच दाखला मिळतो. न दिलेल्यांची त्या नोंद ठेवत नाहीत, ठेवायची म्हटली तर अख्ख्या शहराची ठेवावी लागेल. मी परत शिट्टीवाल्या बाईंकडे. त्या म्हणाल्या, मग नोंद बदलता येणार नाही, पण घाबरू नका, पाण्यात होड्या असतात.

दुसरा कुणी असता तर टेबलावर मूठ आपटली असती. मी आपटली नाही. खरं सांगायचं तर मनात कुठेतरी आदर दाटून आला. मी स्वतः याच पद्धतीने एका जिवंत गृहस्थांना सात महिने मृत ठेवलेलं आहे.

ते प्रकरण थोडक्यात असं. ते गृहस्थ आपल्या भावाच्या मृत्यूची नोंद करायला माझ्या खिडकीवर आले होते. मयताचं नाव आणि खबर देणाऱ्याचं नाव, या दोन शेजारच्या रकान्यांत माझी थोडी गल्लत झाली. ते भावाची नोंद करायला आले आणि स्वतः मरून घरी गेले. पुढे ते दर महिन्याला यायचे. मी म्हणायचो, "काका, तुम्ही जिवंत आहात हे मला दिसतंय. पण कागदाला दिसत नाही." ऑफिसात सगळे त्यांना 'दिवंगत' म्हणू लागले. शिपाई आत येऊन सांगायचा, "दिवंगत आलेत, बसायला सांगू का?" सात महिन्यांनी ते जिवंत झाले, तेव्हा हेडक्लार्कांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "माफी वगैरे मागू नकोस. माफी म्हणजे कबुली."

रविवारी सकाळी तळ्याच्या काठावर बायको माझा टॉवेल धरून उभी होती.

"तू पहिल्या गटात कसा?" तिने विचारलं.

"गुणवत्तेवर."

तिने माझ्याकडे बघितलं. मग सोनेरी टोपीकडे. मग तिने टॉवेल जरा घट्ट धरला. एवढंच. पण मला वाटलं की आता नऊसमोर काहीतरी लिहिलं जाणार, आणि तेही पेनाने.

माझ्या डाव्या-उजव्या बाजूला जे उभे होते त्यांच्या अंगावर चरबी अशी नव्हतीच. एकाने मला मान लववून विचारलं, "आपलं पदक कशातलं?" मी म्हणालो, "नोंदीतलं." शिट्टी वाजली. ते सगळे पाण्यात शिरले आणि पाणी मिटलं. मी काठावर बसलो, मग पाण्यात उतरलो, मग रीतसर उताणा झालो आणि पाय हलवायला लागलो.

वर आकाश होतं. निळं, स्वच्छ, आणि त्यात एकही पाईप नाही.

मी बराच वेळ मन लावून पोहलो. थांबून बघितलं तेव्हा बायको मघापेक्षा मोठी दिसत होती. मी एक गोल पूर्ण करून काठाकडे निघालो होतो. पुन्हा वळलो. चारशे मीटरच्या वाटेवर सात पिवळे फुगे बांधलेले होते. पहिल्यापर्यंत पोचायच्या आत माझ्या नाकात, कानात आणि मतांमध्ये पाणी शिरलं. तेवढ्यात डोक्याजवळ वल्ह्याचा आवाज आला.

"नमस्कार साहेब," वरून कुणीतरी म्हणालं. "ओळखलंत का?"

मी डोळे उघडले. होडीत दिवंगत बसले होते.

"काका, तुम्ही इथे?"

"होड्या माझ्याच आहेत. निवृत्त झाल्यापासून. मधले सात महिने बंद होत्या. मेलेल्या माणसाला परवाना देत नाहीत."

"काका, मी बुडतोय."

दिवंगतांनी खिशातून स्पर्धकांची यादी काढली, चष्मा लावला आणि माझा क्रमांक शोधला. "सोनेरी टोपी," ते म्हणाले. "पदकविजेते. साहेब, तुम्ही बुडताय हे मला दिसतंय. पण कागदाला दिसत नाही."

उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर तोंडात तळं होतं.

"चेष्टा केली," काका म्हणाले आणि वल्हं माझ्या हाताजवळ आणून धरलं. "हात वर करा, लगेच ओढून घेतो. तुम्हाला बुडू देणार नाही, उगाच तुमच्याच खिडकीवर नोंद करायला यावं लागेल. पण ओढलं की स्पर्धेतून नाव कापलं जाईल. आणि एकदा कापलेलं नाव परत घालायला किती वेळ लागतो, ते तुमच्याइतकं कुणाला माहीत?"

मला फ्रिजवरची यादी दिसली. नऊ, टिंब, मोकळी जागा.

"नको," मी म्हणालो. "पण मला दिशा कळत नाहीये."

"मग माझ्या आवाजाकडे या. मी बोलत राहतो. माझ्याकडे सांगण्यासारखं बरंच आहे."

आणि काका बोलू लागले. पहिल्या फुग्याला पहिला महिना. त्या महिन्यात त्यांचं बँकेतलं खातं बंद झालं आणि मॅनेजरने उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळली, त्यांच्यासमोरच. दुसऱ्या फुग्याला दुसरा महिना: सुनेने वृत्तपत्रात फोटो द्यायचा म्हणून चांगला फोटो मागितला. तिसऱ्याला मी त्यांना म्हणालो होतो, हयातीचा दाखला आणा. चौथ्याला तो त्यांनी आणला, तेव्हा मी म्हणालो होतो, यावर तारीख मृत्यूनंतरची आहे, हा चालणार नाही. मी पाय हलवत होतो. पळून जायला जागा नव्हती. सहा वर्षांत खिडकीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाचं इतका वेळ मी कधी ऐकून घेतलेलं नव्हतं. आमच्याकडे ऐकणं नको झालं की जेवणाची सुट्टी होते.

पाचव्या आणि सहाव्या फुग्यावर ते नुसतं वल्हं वाजवत राहिले. सातव्याला म्हणाले, "तुम्हाला सांगू? सात महिने मला भावाचं दुःख करायला वेळच मिळाला नाही. माझंच करत होतो."

आकाश निळं होतं. मी म्हणालो, "काका, चूक माझी होती."

"लेखी द्या," काका म्हणाले. आणि मग, "डोकं सांभाळा. काठ आला."

माझं डोकं काठाच्या फळीवर आपटलं. चारशे मीटर संपले होते. वेळ विचारू नका.

सायकलींच्या जागेवर एकच सायकल उरली होती, टोपलीवाली. बाकीच्यांच्या सायकली माझ्या जेवणाच्या डब्यापेक्षा हलक्या होत्या आणि केव्हाच मालकांसह रस्त्याला लागल्या होत्या. वीस किलोमीटरमध्ये साखळी सहा वेळा निसटली. घंटा मात्र शेवटपर्यंत वाजत राहिली, काही वेळा मी न वाजवताही. धावण्याच्या पाच किलोमीटरवर मी लंगडलो. कुठला पाय ते आठवत नाही, दोन्ही असावेत.

शेवटच्या वळणावर आलो तेव्हा कमान उतरवून ट्रकमध्ये चढवत होते. पाणी वाटणाऱ्यांनी पाणी स्वतःच पिऊन टाकलं होतं. शेवटची रेषा चुन्याची होती, तिच्यावरून ट्रक गेल्यामुळे ती मला अंदाजाने ओलांडावी लागली. तिथे दोनच माणसं होती. शिट्टीवाल्या बाई खुर्च्या घड्या करत होत्या. आणि बायको, टॉवेल धरून.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं," मी म्हणालो, आणि तिच्या पायाशी बसलो. ती टॉवेलने माझं डोकं पुसू लागली, एवढ्या जोरात की मला वाटलं रागावली आहे. नंतर लक्षात आलं, की मी तोंड वर करू नये म्हणून पुसत होती.

शिट्टीवाल्या बाईंनी निकालाचा कागद आणला. माझ्या नावापुढे स्थान, वेळ, गुण असे तीन रकाने. "घड्याळ बंद करून दीड तास झाला," त्या म्हणाल्या, आणि उभ्या उभ्या, नुसत्या हाताने, तिन्ही रकान्यांतून एकच रेघ ओढली. वाकडी. शेपटीला चक्क वर वळलेली.

इतकं सगळं सहन करून मला खरं वाईट वाटलं ते इथे. "फूटपट्टी नाही का तुमच्याकडे?" मी विचारलं.

सोमवारी मी ऑफिसात कोरा कागद घेतला आणि दिवंगतांना पत्र लिहिलं. चूक माझी होती, खाली सही, तारीख, शिक्का. हेडक्लार्कांनी ते वाचलं आणि खुर्चीत बसले. "लेखी?" ते म्हणाले. "अरे, लेखी कुणी देतं का?" मी आवक-जावक वहीत नोंद करून ते धाडून दिलं. परत घेता येऊ नये म्हणून.

संध्याकाळी घरी आलो. बायको फ्रिजसमोर उभी होती, माझा निकालाचा कागद एका हातात. माझी बॅग खांद्यावरून काढून घेतली, आतून फूटपट्टी काढली, यादीवर नऊसमोर धरली आणि पेनाने रेघ मारली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी सहा वर्षं रेघा मारतोय. इतकी सरळ मलाही जमलेली नाही.

मी रेघेवरून बोट फिरवलं. "तू तर तेव्हा पेपर वाचत होतीस," मी म्हणालो.

"वाचत होते," ती म्हणाली, आणि फूटपट्टी परत बॅगेत ठेवली. "ऐकतही होते. आता ब्रश काढ. एक नंबरची भिंत अजून तिथेच आहे."